सुधारित आज्ञावली तालुक्याच्या खिडकीपर्यंत कशी पोहोचते?

प्रास्ताविक

शासनाचे काम पूर्वी कागद, शाई आणि शिक्का यांवर चालत असे. आज ते फार मोठ्या प्रमाणावर संगणकाच्या आज्ञावलींवर चालते. संगणकाने कोणते काम कोणत्या क्रमाने करावे हे सांगणाऱ्या लेखी सूचनांची मालिका म्हणजे आज्ञावली होय. कायद्यात दुरुस्ती झाली, अर्जाचा नमुना बदलला, शुल्क बदलले किंवा जुन्या आज्ञावलीत दोष आढळला की तीही बदलावी लागते. हा बदल लिहिणारा अभियंता बहुधा राजधानीच्या शहरात बसलेला असतो. त्याचा परिणाम मात्र औरादच्या किंवा आळंदच्या खिडकीपुढे उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या उताऱ्यावर उमटतो. या दोन टोकांमधील वाट सुरक्षितपणे कशी पार करावी, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

विषय तांत्रिक असला तरी तो केवळ तंत्रज्ञांचा नाही. उताऱ्यावरील एक आकडा चुकला तर पीककर्ज अडते, वाटणीचा वाद उभा राहतो, नुकसानभरपाई दुसऱ्याच्या नावे जाते. यास्तव ग्रामस्थ, अधिकारी आणि शिक्षक या तिघांनाही या व्यवस्थेची तोंडओळख असणे इष्ट होय.

कलबुर्गी जिल्ह्यातील आरंभ

कर्नाटकात भूमी-अभिलेख संगणकावर आणण्याचा पहिला प्रायोगिक प्रयत्न १९९१ साली तत्कालीन गुलबर्गा, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यात झाला, ही आपल्या भागाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट आहे. पुढे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या साह्याने महसूल खात्याने ‘भूमि’ हा प्रकल्प राज्यभर उभारला. सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांच्या मालकीचे सुमारे २ कोटी अभिलेख संगणकावर आले. तोपर्यंत ही सर्व पत्रके सुमारे ९,००० ग्रामलेखापालांच्या हाती होती. प्रकल्प सुरू झाल्यावर हक्क, कूळवहिवाट व पिके यांचा उतारा, ज्याला आपल्याकडे ‘पहाणी’ म्हणतात, तो तालुक्याच्या खिडकीवर त्या वेळी १५ रुपये शुल्क भरून मिळू लागला. फेरफाराचे अर्ज आले त्याच क्रमाने हाताळले जावेत अशी तजवीज आज्ञावलीतच करण्यात आली, आणि नोंदीत बदल करणाऱ्या कर्मचाऱ्याची ओळख बोटाच्या ठशावरून पटविण्याची पद्धत स्वीकारण्यात आली.

या इतिहासातून एक गोष्ट ध्यानी येते. पूर्वी जो नियम अधिकाऱ्याच्या परिपत्रकात असे, तो आता आज्ञावलीत लिहिलेला असतो. परिपत्रक चुकले तर वाचणारा मनुष्य निदान शंका तरी घेतो. आज्ञावली शंका घेत नाही; चुकीचा नियमही ती प्रत्येक उताऱ्यावर सारख्याच निष्ठेने लावते. म्हणूनच तिची नवी आवृत्ती वापरात आणण्यापूर्वी ती तपासण्याची शिस्त कडक असावी लागते.

सीमाभागातील दोन उदाहरणे

चूक किती साधी असू शकते, हे पाहण्यासाठी क्षेत्राच्या मापाचे उदाहरण घेऊ. कर्नाटकात जमिनीचे क्षेत्र एकर, गुंठे आणि आणे यांत लिहिले जाते. ४० गुंठ्यांचा १ एकर आणि १६ आण्यांचा १ गुंठा होतो. समजा एका खातेदाराचे दोन तुकडे आहेत. एक २ एकर ३० गुंठ्यांचा आणि दुसरा १ एकर २० गुंठ्यांचा. बेरीज ३ एकर ५० गुंठे, म्हणजेच ४ एकर १० गुंठे. परंतु आज्ञावली लिहिणाऱ्याने हे आकडे दशांश अपूर्णांक समजून २.३० आणि १.२० अशी बेरीज केली तर उत्तर ३.५० येईल आणि ते ‘साडेतीन एकर’ म्हणून छापले जाईल. साडेतीन एकर म्हणजे ३ एकर २० गुंठे. खातेदाराच्या पदरचे ३० गुंठे कागदावरून नाहीसे होतील. सीमेपलीकडे उदगीर किंवा देगलूर तालुक्यात हेच क्षेत्र हेक्टर व आर यांत लिहिले जाते, आणि तेथे १०० आरांचा १ हेक्टर असल्यामुळे दशांश बेरीज बरोबर येते. तिकडच्या हिशेबाची सवय इकडे वापरली की दोष शिरतो.

दुसरे उदाहरण नावाचे. आपल्या भागातील अनेक खातेदारांची नावे मराठी वळणाची आहेत आणि अभिलेख कन्नड लिपीत आहेत. कन्नडमध्ये ‘ए’ आणि ‘ओ’ या स्वरांची ऱ्हस्व व दीर्घ अशी दोन स्वतंत्र चिन्हे आहेत. मराठीत ती एकेकच आहेत. ‘शिंदे’ या आडनावातील शेवटचा स्वर एका लेखनिकाने ऱ्हस्व आणि दुसऱ्याने दीर्घ लिहिला, तर वाचणाऱ्या मनुष्याला ते एकच नाव वाटेल. संगणकाला मात्र ती दोन निराळी नावे वाटतील. शोध घेणारी आज्ञावली या दोन्ही लेखनांचा विचार करीत नसेल तर बापाच्या नावावरील सर्व्हे क्रमांक मुलाच्या अर्जाला जुळणार नाही.

अशा दोषांची चाचणी आधीच लिहून ठेवता येते आणि ती प्रत्येक नव्या आवृत्तीवर आपोआप चालविता येते. तशी व्यवस्था करणे हेच आपल्या विषयाचे मर्म आहे.

हाताने केलेल्या वाटपातील धोका

पूर्वी जेथे प्रत्येक कार्यालयात स्वतंत्र मुख्य संगणक असे, तेथे सुधारित आज्ञावली प्रत्येक ठिकाणी निराळी बसवावी लागे. एखादे ठिकाण राहून गेले, एखाद्या ठिकाणी जुनी प्रत बसली, एखाद्या ठिकाणी पायऱ्यांचा क्रम चुकला, असे होणे संभवनीय होते. कर्मचारी कितीही दक्ष असला तरी शंभर ठिकाणी तीच कृती तंतोतंत करणे हे मनुष्याच्या स्वभावात नाही.

या धोक्याचे जगातील एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. नाइट कॅपिटल या समभाग-व्यवहार करणाऱ्या संस्थेत आठ संगणकांवर नवी आज्ञावली बसवावयाची होती. तंत्रज्ञाने ती सात संगणकांवर बसविली आणि आठव्यावर बसविण्याचे राहून गेले. दुसऱ्या कोणी त्याचे काम तपासण्याची लेखी पद्धतही नव्हती. १ ऑगस्ट २०१२ रोजी बाजार उघडताच त्या आठव्या संगणकावरील निरुपयोगी झालेला जुना भाग जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत लक्षावधी अनावश्यक व्यवहार झाले. संस्थेला ४४ कोटी डॉलरहून अधिक तोटा सोसावा लागला आणि तिचे स्वतंत्र अस्तित्वही फार काळ टिकले नाही.

स्वयंचलित वाटपही अविचाराने केल्यास घातक ठरते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा संस्थेची सदोष सुधारणा एकाच वेळी सर्वत्र पोहोचली आणि सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. भारतातील काही विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवासपत्र द्यावे लागले. पहिल्या उदाहरणात यंत्राऐवजी हातावर भरवसा ठेवला गेला. दुसऱ्यात टप्प्याटप्प्याने जाण्याचा संयम नव्हता. चांगल्या व्यवस्थेत या दोन्ही उणिवा टाळावयाच्या असतात.

पाइपलाइन म्हणजे काय?

या व्यवस्थेला तंत्रज्ञ ‘पाइपलाइन’ म्हणतात. विहिरीचे पाणी शेतापर्यंत नेणाऱ्या शेतकऱ्याला हा शब्द नवा नाही. तथापि त्याहून चांगली उपमा बीदरमध्येच आहे. बहमनी काळातील नौबादची सुरंग बावी, म्हणजेच करेझ, ही जमिनीखालून पाणी नेणारी वाट आहे. तिला ठराविक अंतरावर उभे हवाकूप ठेवलेले आहेत. त्यांतून खाली उतरून तो तो भाग पाहता येतो आणि तेथेच साचलेला गाळ काढता येतो; संपूर्ण बोगदा उकरावा लागत नाही. आज्ञावलीच्या पाइपलाइनलाही असेच टप्पे असतात. प्रत्येक टप्प्यावर तपासणी होते. दोष आढळला की प्रवाह तेथेच थांबतो आणि पुढचे शेत गढूळ पाण्यापासून वाचते.

सर्वसाधारण पाइपलाइनचे टप्पे पुढीलप्रमाणे असतात.

१. मूळ संहिता. अभियंत्याने लिहिलेली आज्ञावली एका सामाईक भांडारात ठेवली जाते. कोणी, केव्हा आणि कोणती ओळ बदलली याची नोंद तेथे राहते. नवा बदल भांडारात आला की पाइपलाइन सुरू होते.

२. बांधणी. लिहिलेल्या संहितेपासून प्रत्यक्ष चालणारी आज्ञावली तयार केली जाते. ही बांधणी एकदाच करावयाची असते. पुढील सर्व टप्प्यांवर तीच बांधलेली प्रत गेली पाहिजे. प्रत्येक टप्प्यावर नव्याने बांधणी केली तर जी तपासली ती आणि जी वापरात आली ती या दोन निराळ्या वस्तू ठरण्याचा संभव असतो. प्रत बदललेली नाही हे पटविण्यासाठी तिच्यावरून गणिताने एक खूण काढतात. प्रतीत एक अक्षर जरी बदलले तरी खूण संपूर्ण बदलते. लाखेच्या मोहरेचे काम येथे ही खूण करते.

३. स्वयंचलित चाचणी. वर सांगितलेली एकर-गुंठ्यांची बेरीज, नावांच्या दोन लेखनांचा शोध, शून्य क्षेत्राचा अर्ज, अशा शेकडो चाचण्या यंत्र स्वतः करते. एकही चुकली तर पाइपलाइन थांबते.

४. सराव-कार्यस्थळ. खऱ्या कार्यालयासारखीच परंतु बनावट नोंदींची जागा तयार ठेवलेली असते. नवी आवृत्ती प्रथम तेथे चालते आणि कर्मचारी ती वापरून पाहतात.

५. मान्यता. अधिकार असलेली व्यक्ती चाचण्यांचे निकाल पाहून ‘मंजूर’ किंवा ‘नामंजूर’ असा लेखी निर्णय देते.

६. प्रत्यक्ष वापर. मान्यता मिळाल्यावरच आवृत्ती खऱ्या कार्यालयांकडे जाते.

क्लाउड आणि संवादद्वार

पाइपलाइन चालविण्यासाठी संगणक लागतात, परंतु ते प्रत्येक खात्याने स्वतः विकत घेण्याची गरज नसते. दूरच्या मोठ्या संगणकगृहातील शक्ती लागेल तेवढी, लागेल तेव्हा वापरण्याच्या पद्धतीस ‘क्लाउड’ म्हणतात. भारत शासनाने आपल्या अशा व्यवस्थेला ‘मेघराज’ हे समर्पक नाव दिले आणि तिचा राष्ट्रीय क्लाउड २०१४ साली कार्यान्वित झाला. खासगी क्षेत्रात ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसने आपली संगणकगृहे मुंबईत २०१६ साली आणि हैदराबादेत २०२२ साली सुरू केली. याच संस्थेने २०१५ साली ‘कोडपाइपलाइन’ ही पाइपलाइन चालविण्याची सेवा खुली केली. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांच्याही तशाच सेवा आहेत. पुढील विवेचनात रचना समजावी म्हणून कोडपाइपलाइनचे उदाहरण घेतले आहे. एखादे विशिष्ट शासकीय खाते हीच सेवा वापरते, असा त्याचा अर्थ नव्हे.

अशा सेवेला आज्ञा देण्याचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे पडद्यावरील कळा दाबणे. दुसरा म्हणजे एका आज्ञावलीने दुसऱ्या आज्ञावलीला ठरलेल्या नमुन्यात विनंती पाठविणे. या दुसऱ्या मार्गास ‘ए.पी.आय.’ म्हणतात, मराठीत त्याला ‘संवादद्वार’ म्हणता येईल. तहसील कचेरीची खिडकी डोळ्यांपुढे आणली की हे सहज समजते. अर्ज विहित नमुन्यात असावा लागतो, अर्जदाराची ओळख पटावी लागते, कोणती कामे त्या खिडकीवर होतात हे ठरलेले असते, आणि अर्जाला पोच किंवा कारणासह नकार मिळतो. संवादद्वाराचेही नेमके हेच आहे. फरक एवढाच की अर्जदार मनुष्य नसून आज्ञावली असते आणि उत्तर क्षणार्धात येते.

पडद्यावरील कळांपेक्षा संवादद्वार श्रेयस्कर का, असा प्रश्न पडेल. कारण असे की कळा दाबल्याचा क्रम मनुष्याच्या स्मरणात राहतो, तर संवादद्वारातून दिलेल्या आज्ञा लिहून ठेवता येतात, दुसऱ्यास तपासावयास देता येतात आणि पुढच्या वेळी तंतोतंत पुन्हा देता येतात. वीस कामांच्या वीस पाइपलाइनी असतील तर त्या सर्वांची अवस्था एका लहान आज्ञावलीने दररोज सकाळी गोळा करता येते.

नित्य उपयोगातील आज्ञा

कोडपाइपलाइनच्या संवादद्वारावरील काही प्रमुख आज्ञा व त्यांचे प्रयोजन असे आहे.

‘क्रिएट पाइपलाइन’ या आज्ञेने नवी पाइपलाइन स्थापन होते. तिचे टप्पे व प्रत्येक टप्प्यावरील कृती एका लेखी आराखड्यात द्याव्या लागतात. निदान दोन टप्पे असावेच लागतात आणि पहिला टप्पा मूळ संहिता आणण्याचाच असावा लागतो.

‘गेट पाइपलाइन’ या आज्ञेने तो आराखडा परत मागविता येतो आणि ‘अपडेट पाइपलाइन’ने सुधारून पाठविता येतो. प्रत्येक सुधारणेबरोबर आराखड्याचा आवृत्ती-क्रमांक एकाने वाढतो. त्यामुळे मान्यतेचा टप्पा कोणी गुपचूप काढून टाकला तर क्रमांकावरून शंका घेता येते.

‘स्टार्ट पाइपलाइन एक्झिक्यूशन’ने फेरी सुरू होते आणि तिचा ओळख-क्रमांक उत्तरात मिळतो. येथे आपल्या भागास उपयुक्त अशी एक सोय आहे. विनंती पाठविली, परंतु उत्तर येण्यापूर्वी दूरसंचाराची तार तुटली, तर काम सुरू झाले की नाही हे कळत नाही. अशा वेळी विनंतीबरोबर तिची स्वतःची एक खूण पाठविलेली असल्यास तीच विनंती त्याच खुणेने पुन्हा पाठविता येते. सेवा ती खूण ओळखते आणि काम दोनदा सुरू करीत नाही. एकाच अर्जाला दोन आवक क्रमांक पडू नयेत, त्यातलाच हा प्रकार होय.

‘गेट पाइपलाइन स्टेट’ ही पाहणीची आज्ञा आहे. कोणता टप्पा पार पडला, कोणता चालू आहे, कोठे अडले आणि कोठे मान्यतेची प्रतीक्षा आहे, हे तिच्या उत्तरात येते.

‘पुट अप्रूव्हल रिझल्ट’ने मान्यता अथवा नकार कळविला जातो. त्यासाठी त्या विशिष्ट विनंतीची खूण द्यावी लागते. ती आधी पाहणीच्या आज्ञेने मिळवावी लागते. त्यामुळे जी फेरी पाहिली तिलाच मान्यता जाते, मागून आलेल्या दुसऱ्या फेरीला जात नाही. निर्णयाबरोबर शेराही लिहावयाचा असतो. वेगळी मुदत ठरविलेली नसेल आणि सात दिवसांत कोणी उत्तर दिले नाही, तर तो टप्पा अयशस्वी ठरतो. मौन म्हणजे संमती, हा न्याय येथे लागू होत नाही, आणि ते योग्यच आहे.

‘डिसेबल स्टेज ट्रान्झिशन’ने दोन टप्प्यांमधील दार बंद करता येते आणि ‘एनेबल स्टेज ट्रान्झिशन’ने ते उघडता येते. दार बंद करताना कारण लिहावे लागते. पीकविम्याच्या मुदतीचा अखेरचा आठवडा असेल, खिडक्यांवर गर्दी असेल, तर त्या काळात नवी आवृत्ती पुढे जाऊ न देणे शहाणपणाचे ठरते. अशा वेळी हे दार लावून ठेवावे. मात्र एवढे ध्यानात असावे की सामान्य रचनेत दारापाशी थांबलेल्या जुन्या फेरीची जागा मागून आलेली नवी फेरी घेते. दार उघडण्यापूर्वी पुढे नेमके काय जाणार आहे, हे पुन्हा पाहिले पाहिजे.

‘रीट्राय स्टेज एक्झिक्यूशन’ने तात्पुरत्या कारणाने फसलेला टप्पा पुन्हा चालविता येतो. २०२४ साली टप्पा पूर्वीच्या यशस्वी फेरीवर परत नेण्याचीही सोय झाली.

किल्ली, मुभा आणि रोजनामा

संवादद्वार जितके सोयीचे तितकेच ते उघडे राहिल्यास धोक्याचे. ज्याच्या हाती त्याची किल्ली तो एका आज्ञेने सर्व तालुक्यांची आज्ञावली बदलू शकतो. म्हणून तीन पथ्ये कसोशीने पाळावी लागतात.

पहिले पथ्य गुप्त किल्लीचे. विनंती करणारी आज्ञावली आपली गुप्त किल्ली कधीही पाठवीत नाही. त्या किल्लीच्या साह्याने विनंतीवर गणिती स्वाक्षरी करते आणि केवळ स्वाक्षरी पाठविते. वाटेत कोणी ती वाचली तरी किल्ली त्याच्या हाती लागत नाही. परंतु अभियंत्यानेच किल्ली संहितेच्या भांडारात लिहून ठेवली तर या सर्व योजनेचा उपयोग शून्य होतो. तिजोरीची चावी तिजोरीवरच टांगण्यासारखे ते होईल.

दुसरे पथ्य मर्यादित मुभेचे. अवस्था पाहणाऱ्यास केवळ पाहण्याची मुभा असावी. बदल लिहिणाऱ्यास मान्यतेची मुभा नसावी. पैसे देणारा आणि हिशेब तपासणारा एकच असू नये, हे लेखाशाखेतील जुने तत्त्व येथे जसेच्या तसे लागू पडते.

तिसरे पथ्य रोजनाम्याचे. कोणत्या ओळखीने, कोणत्या वेळी, कोणती आज्ञा दिली याची नोंद आपोआप राहिली पाहिजे आणि ती नोंद आज्ञा देणाऱ्यास पुसता येता कामा नये. ‘भूमि’मध्ये बोटाच्या ठशाने जे साधावयाचे होते, तेच येथे रोजनाम्याने साधावयाचे असते.

आधी एक तालुका, मग इतर

मान्यता मिळाली तरी नवी आवृत्ती सर्व कार्यालयांत एकदम सोडू नये. नवे बियाणे शेतकरी प्रथम एका वाफ्यात पेरून पाहतो, हीच नीती येथे हिताची आहे. समजा उताऱ्याच्या आज्ञावलीत सुधारणा झाली. ती प्रथम एका तालुक्यास द्यावी. सीमाभागाचा विचार करता हा पहिला तालुका निवडतानाही विवेक हवा. ज्या तालुक्यात मराठी वळणाची नावे फारशी नाहीत, तेथे सुधारणा निर्वेध चालली म्हणून ती भालकीत किंवा औरादेत चालेलच, असे नाही. कठीण नोंदी जेथे अधिक, तेथील नमुना चाचणीत आलाच पाहिजे. पहिल्या तालुक्यात काही दिवस दिलेले उतारे, नाकारलेले अर्ज आणि तक्रारी यांची पूर्वीच्या आकड्यांशी तुलना करावी. फरक आढळला तर पुढचे दार लावावे. न आढळल्यास जिल्हा, मग विभाग, मग राज्य असे जावे.

माघार घेतल्याने नोंद सुधारत नाही

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. दोष आढळल्यावर पूर्वीच्या आवृत्तीवर परत जाणे यास माघार म्हणतात. माघारीने आज्ञावली पूर्वीसारखी होते; परंतु मधल्या काळात तिने ज्या चुकीच्या नोंदी लिहिल्या, त्या तशाच राहतात. सदोष बेरजेने ज्या खातेदाराचे ३० गुंठे कमी झाले, त्याचे क्षेत्र जुनी आज्ञावली परत आणल्याने वाढत नाही. फुटलेला कालवा सांधला म्हणून वाहून गेलेली माती परत येत नाही.

यास्तव तीन गोष्टी आधीच सिद्ध असाव्या लागतात. नवी आवृत्ती लागू करण्यापूर्वीची अभिलेखांची संपूर्ण प्रत सुरक्षित असावी. प्रत्येक उताऱ्याबरोबर तो आज्ञावलीच्या कोणत्या आवृत्तीने काढला, याची नोंद असावी; तसे असल्यास सदोष काळात दिलेले सर्व उतारे शोधून काढता येतात. आणि अशा खातेदारांना कचेरीने स्वतः होऊन कळवावे. दोष यंत्रणेचा असता दुरुस्तीसाठी खातेदारास हेलपाटे घालावयास लावणे न्याय्य नव्हे. पाइपलाइनची खरी परीक्षा ती किती वेगाने पुढे जाते यात नसून चूक झाल्यावर ती कोणाकोणास लागली हे किती लवकर सांगता येते यात आहे.

प्रत्येकाने करावयाचे

ग्रामस्थांनी उतारा हाती येताच खिडकीपासून दूर जाण्यापूर्वी नाव, सर्व्हे क्रमांक, क्षेत्र आणि पीक एवढ्या चार गोष्टी वाचून पाहाव्यात. गुंठ्यांचा आकडा ३९ हून अधिक दिसला तर तो उतारा निश्चितच सदोष आहे, हे कोणालाही सांगता येईल. कन्नड वाचता येत नसल्यास घरातील शाळकरी मुलाकडून तो वाचून घ्यावा. तक्रार लेखी द्यावी आणि तीत उताऱ्यावरील दिनांक व वेळ नमूद करावी. त्यावरूनच आवृत्ती शोधता येते.

अधिकाऱ्यांनी मान्यतेची विनंती म्हणजे केवळ एक कळ दाबण्याचे काम समजू नये. कोणता बदल आहे, कोणत्या चाचण्या झाल्या, आपल्या तालुक्यातील कठीण नोंदींचा नमुना त्यांत होता काय, आणि माघार घ्यावी लागल्यास काय करावयाचे, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून मान्यता देऊ नये. खिडकीवर वारंवार येणाऱ्या तक्रारींचे नमुने, नावे वगळून, आज्ञावली लिहिणाऱ्यांकडे पाठवावेत. प्रत्येक खरी तक्रार ही पुढच्या आवृत्तीसाठी एक नवी चाचणी होऊ शकते.

शिक्षकांना या विषयात मोठे क्षेत्र आहे. बीदरचे गुरू नानक देव अभियांत्रिकी महाविद्यालय, कलबुर्गीचे पी. डी. ए. अभियांत्रिकी महाविद्यालय आणि आळंद तालुक्यातील कडगंची येथील केंद्रीय विद्यापीठ यांमुळे उच्च शिक्षणाची सोय याच भागात आहे. मराठी व कन्नड या दोन्ही भाषा जाणणारा विद्यार्थी नावांच्या लेखनातील जो दोष सहज ओळखील, तो दूरच्या कुशल अभियंत्याच्याही नजरेतून सुटेल. आपल्या भागातील द्वैभाषिकता ही या कामातील एक पात्रता आहे, हे विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबविले पाहिजे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. एका खातेदाराचे तीन तुकडे अनुक्रमे १ एकर ३५ गुंठे, ० एकर २८ गुंठे आणि २ एकर १७ गुंठे आहेत. योग्य बेरीज करा. नंतर हेच आकडे दशांश समजून बेरीज करा आणि येणारा आकडा दशांश एकर मानून किती क्षेत्राचा फरक पडतो ते काढा.

२. बांधणी एकदाच का करावी, हे लाखेच्या मोहरेच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

३. बदल लिहिणाऱ्यास मान्यतेचा अधिकार का नसावा? आपल्या शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या हिशेबातील एक समान नियम सांगा.

४. आपल्या वर्गातील दहा आडनावे मराठीतून कन्नडमध्ये लिहा. त्यांपैकी कोणती दोन प्रकारे लिहिता येतात?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर: योग्य बेरीज ५ एकर ० गुंठे. दशांश पद्धतीने १.३५, ०.२८ आणि २.१७ यांची बेरीज ३.८० येते. ३.८० एकर म्हणजे ३ एकर ३२ गुंठे. म्हणजे खातेदाराचे १ एकर ८ गुंठे कमी दिसतील. एवढ्या जमिनीवर एका लहान कुटुंबाचे वर्षाचे धान्य अवलंबून असू शकते. आज्ञावली लिहिणाऱ्याने, तपासणाऱ्याने आणि मान्यता देणाऱ्याने हे एकर आणि गुंठे सदैव डोळ्यांपुढे ठेवावेत.